दामोदरला जुळणारं इंग्रजी

अहो,

मी स्टेशनमास्तरांच्या सुनेच्या डोहाळजेवणाला जाते आहे. कालपासून आपला अबोला आहे, म्हणून हे लिहून ठेवते. पिठलं चुलीपाशी झाकलंय, जरा लागलंय.

तिथे प्रत्येकीने इंग्रजी यमक जुळवून नवऱ्याचं नाव घ्यायचं, असा मास्तरीणबाईंचा हुकूम आहे. काल तुम्हाला यमक विचारलं, तर म्हणालात, "बायकांनी इंग्रजीत लुडबुड करू नये." म्हणून सकाळपासून तुमची डिक्शनरी घेऊन मीच बसले. पिठलं त्या नादात लागलं.

तुमच्या नावाला जुळणारं सगळं तुमच्याच घरचं निघालं! फादर म्हणजे मामंजी, मदर म्हणजे सासूबाई, ब्रदर म्हणजे भावोजी. नवऱ्याचं नाव घेताना ही मंडळी मध्ये कशाला? लेदर म्हणजे चामडं, ते ओटी भरताना चालायचं नाही. फेदर म्हणजे पीस, पण तुमचं वजन साऱ्या लोणावळ्याला ठाऊक आहे. शेवटी वेदर सापडलं, म्हणजे हवापाणी. उखाणा असा झालाय:

घाटात दाटलं धुकं, घरातही तेच वेदर,
आधी माझ्याशी बोलतील, मगच जेवतील दामोदर.

राव जोडलं तर यमक मोडतं, म्हणून ते गाळलंय.

हे चारचौघींत जायला नको असेल, तर पाचच्या आत मास्तरांच्या अंगणात येऊन मला हाक मारा. छत्री मी नेली आहे, तेव्हा भिजत यावं लागेल. आलात तर मराठीतच नाव घेईन, अगदी रावांसकट.

द्वारका