राज्यपालपदाचा खुलासा

श्रूजबरी, ६ जुलै २००५

तीर्थस्वरूप श्रीरंगदाजी यांच्या चरणी धाकटा मेव्हणा मोरेश्वर याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि ताईची शुगर, दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. (माझा गुडघा आता तुमच्या पंगतीला येऊन बसलाय. कारण पुढे येईलच.)

"मला इथे गव्हर्नर केलंय" एवढं फोनवर बोललो आणि कॉलिंग कार्ड संपलं. तेवढ्यावर तुम्ही बार्शीत माझा सत्कार ठरवलात, फलकही रंगवायला टाकलात, हे परवा ताईकडून कळलं. तेव्हा पुढचं वाक्य आता लिहितो. चार जुलैला इथला स्वातंत्र्यदिन. आमच्या लेकीच्या, उत्तराच्या, गल्लीतले लोक त्या दिवशी तळ्याकाठी नाटक करतात. बंड मोडायला इंग्रजांचा लष्करी गव्हर्नर येतो, लोक त्याचा चहा तळ्यात ओततात आणि त्याला होडीत बसवून हाकलतात, एवढीच गोष्ट. एकाही अमेरिकनाला इंग्रज व्हायचं नव्हतं. नाटक बसवणाऱ्या लिंडाबाई मला म्हणाल्या, तुम्हा लोकांना इंग्रजांचा दीडशे वर्षांचा अनुभव आहे. मला ते पटलं.

फौज म्हणून जावयाच्या ऑफिसातली पुण्या-नागपूरची पोरं मिळाली. त्यांनी लाकडी बंदुकीलाही हात लावला नाही. "काका, ग्रीन कार्ड लटकलंय यार, कुणी पोलिसांना फोन केला तर?" त्यामुळे इंग्रज सैन्य मिटलेल्या छत्र्या घेऊन उभं राहिलं. लोकरीचा लाल कोट चढवून मी जाहीरनामा वाचायला लागलो आणि दाजी, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, शिपायानेही कधी माझं ऐकलं नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांचीच बदली झाली आणि माझा निरोपसमारंभ राहून गेला तो गेलाच. इथे मी हात वर केला की छत्र्या वर होत होत्या.

घात चहाने केला. खोकी रिकामी ठेवायची ठरली होती. पण प्रसंग खरा वाटावा म्हणून जावयाने (दुसऱ्याच्या वस्तूंबाबत फार उदार) घरातली पत्ती दिली. ताईने आमच्या हिच्या बॅगेत घालून दिलेली, वेलदोडा कुटून घातलेली. बंडखोरांनी पहिलं खोकं उलटं केलं आणि मला तो वास आला. जाहीरनामा टाकून मी तळ्यात उतरलो. "आजोबा, यू आर सपोज्ड टू लूज!" नात शिवांगी काठावरून ओरडत होती. कोट पाणी प्यायला, गुडघा चिखलात रुतला आणि शेवटी बंडखोरांनीच गव्हर्नरला काखेत हात घालून बाहेर काढलं. दुसरं खोकं मात्र मी सोडलं नाही. जाहीरनामा अर्धा झाला होता, तेवढीच माझी कारकीर्द.

ताईला सांगा, चहा वाळत घातलाय.

आपला,
मोरेश्वर

ता. क. सत्कार रद्द करू नका. फलकावर 'राज्यपाल'च्या आधी फक्त 'माजी' घाला, म्हणजे खोटंही होणार नाही. एकदा शाल अंगावर पडावी असं मला फार वाटतं.

आणखी एक. अशा वेळी व्यासपीठावर माझ्या बाबांचा फोटो ठेवायची तुमची पद्धत आहे. बेचाळीस साली तुरुंगात गेलेला माणूस तो, या वेळी नका ठेवू. कोट लिंडाबाईंनी मला देऊन टाकलाय आणि मी तो घालून येणार आहे.