नावापुढचा शब्द

मी, मिसेस आर्डेला पिकेट, वय बावन्न, धंदा कपडे धुणे व इस्त्री, राहणार टॅलिव्हर गाव, राज्य मिसिसिपी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव टाकणारे पुष्कळ आले आणि गेले. पोटातल्या दुखण्याला आता औषध नाही, असं डॉक्टर म्हणाले, तेही भिंतीकडे बघत.

आधी वकिलाकडे गेले होते. त्यानं नुसतं ‘आर्डेला, धोबीण’ असं टाइप केलं. मी म्हटलं, “पुढे मिसेस घाला.” तो म्हणाला, “मावशी, काळ्यांच्या नावापुढे आम्ही ते घालत नाही.” मी त्याची मावशी नाही. कागद तिथंच टाकून आले. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही कापूस वेचून झाल्यावर भरायची. इथं चुका असतील. नाव मात्र बरोबर आहे.

१. माझ्या इस्त्र्या, कपडे उकळायचं भांडं आणि दोऱ्या शेजारीण मिसेस झेनोबिया क्रम्प यांना. मतदानाच्या हक्कासाठी काढलेल्या मोर्चात त्या माझ्या शेजारी चालल्या, तुरुंगातही शेजारीच झोपल्या, आणि घोरल्या.

२. माझ्या दाराचं कुलूप आमच्या चर्चचे कारभारी डीकन गेन्स यांना. मतदानाच्या हक्काच्या सभा सुरू झाल्या तेव्हा यांनी घाबरून चर्चच्या हॉलला कुलूप घातलं. मग सभा माझ्या स्वयंपाकघरात भरल्या. मला कुलूप कधी लागलं नाही. त्यांना आवडतं, त्यांनी ठेवावं.

३. माझे यजमान मिस्टर पिकेट लाकडाच्या गिरणीत राबून गेले. केस पिकले तरी तिथले गोरे त्यांना ‘ए पोरा’ म्हणत. थडग्यावर दोघांची नावं पूर्ण घालावीत. फुलं नकोत.

४. घर. हे माझा भाऊ रेफर्ड याला, पण एका अटीवर. आधी कारण सांगते.

सभेत आम्हाला शिकवलं, कुणी मारलं तरी हात उचलायचा नाही. मला ते फार जड गेलं. तोंड बंद ठेवा असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. मतदार म्हणून नाव नोंदवायला मोर्चानं गेलो आणि आम्हाला धरलं. जेलर म्हणाला, “आर्डेला, इकडे ये.” मी हलले नाही. “मिसेस पिकेट म्हणा, येते.” बाकीच्या बायका सुटल्या, मी आणखी काही दिवस आत राहिले.

रेफर्ड भेटायला आला, टोपी हातात धरून; गोऱ्यांसमोर तो ती डोक्यावर ठेवत नाही. “ताई, एका शब्दापायी इथं कुजत बसलीस?”

“एकच शब्द आहे ना? मग त्यांना म्हणायला का जड जातो?”

“तू मरशील एक दिवस या हट्टापायी.”

“मरेन. तू मात्र टोपी हातात घेऊनच जगशील.”

तो रागावून गेला. तो मोर्चात कधीच आला नाही. माणूस वाईट नाही, फक्त भितो. दर रविवारी मला कोंबडी तळून आणून देतो आणि खाली बघून बसतो.

तर अट अशी. घर नावावर करायला रेफर्डनं स्वतः कोर्टात जावं, टोपी डोक्यावर ठेवून, आणि कारकुनाला मोठ्यानं सांगावं, “हे माझी बहीण मिसेस आर्डेला पिकेट यांचं मृत्युपत्र.” कारकून विचारील, “कोण, आर्डेला?” ते नक्की विचारतात. तेव्हा रेफर्डनं ‘हो साहेब’ म्हणायचं नाही. “मिसेस पिकेट,” असंच म्हणायचं. खालचे दोन साक्षीदार सोबत जातील आणि ऐकतील. त्याच्या तोंडून ते निघालं नाही, तर घर सभेच्या बायकांना.

रेफर्ड, घर तुलाच मिळावं असं मला वाटतं. हा शब्द मी फार वर्षं एकटीनं म्हटला. आता दमले. पुढं तू म्हण.

सही: मिसेस आर्डेला पिकेट

साक्षीदार: मिसेस झेनोबिया क्रम्प
मिस्टर लूथर बीमन, न्हावी

(रेफर्डची सही घेतलेली नाही. त्याला सहीचं काम नाही, बोलायचं आहे.)

टॅलिव्हर, ९ नोव्हेंबर १९६४