खारेवाडीची चार पुस्तकं

मी, श्रीमती साधना हरिहर दर्यापूरकर, वय वर्षे बहात्तर, धंदा घरकाम, राहणार अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या चष्म्यातून लिहिते आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. मला कुणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही. आमच्या वकीलबाई पौर्णिमाताई यांनी मसुदा करून दिला होता, त्यात ‘राजीखुशीने व पूर्ण समाधानाने’ असे शब्द होते. ते मी काढले. यजमानांना जाऊन वर्ष झालं. त्या दिवशी घरात सगळे रडले, मी चहा केला. तेव्हापासून मला समाधान नाही आणि दुःखही नाही. पायाला मुंग्या येऊन तो बधिर होतो आणि आपलाच चिमटा दुसऱ्याचा वाटतो, तसं आहे. कळतं मात्र सगळं, म्हणून बुद्धी शाबूत असं लिहायला हरकत नाही.

पुढच्या महिन्यात नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. माझ्या वयात काहीही होऊ शकतं, असं डॉक्टरांनी केदारला बाहेर नेऊन सांगितलं आणि केदारनं मला आत येऊन सांगितलं. मला भीती वाटत नाही. पण दसऱ्यापर्यंत राहायचं आहे. त्याचं कारण शेवटच्या कलमात येईल.

कलम १. घर. अमरावतीतलं राहतं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. शेंदूरजनाघाटला वडिलांची संत्र्याची बाग होती. त्यातला माझा हिस्सा भावानं विकत घेतला आणि त्या पैशात हे घर उभं राहिलं. यजमान पाहुण्यांना ‘मी बांधलं’ असं सांगत आणि मी पाहुण्यांपुढे पोह्यांची बशी ठेवत असे. हे घर मी माझा एकुलता एक मुलगा केदार याला देते. त्याचं अकोल्यात बी-बियाण्यांचं दुकान आहे, तो इथे राहायला येणार नाही, घर विकेल. खुशाल विकावं. त्यानं मला दोन-तीनदा विचारलं आणि दर वेळी विचारून झाल्यावर खाली पाहिलं. खाली पाहण्यासारखं त्यात काही नाही. फक्त स्वयंपाकघरातला पिठाचा पत्र्याचा डबा घरासोबत जाऊ द्यायचा नाही.

कलम २. दागिने व कपडे. पाटल्या आणि मोहनमाळ सून प्रतीक्षा हिला. माझी लग्नातली पैठणी नणंद ताराबाई यांना. ती पैठणी मुळात त्यांच्यासाठी घेतली होती, असं त्या माझ्या लग्नापासून सांगत आल्या आहेत. असेलही. आता ती घडीवर फाटली आहे. त्यांनाच शोभेल.

कलम ३. शिडी. शेजारी किसनराव, ज्यांचा फुलांचा मळा आहे, ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत. साक्षीदाराला काही देऊ नये, उगाच कुणी शंका काढतं, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून लोखंडी शिडी मी त्यांना कालच देऊन टाकली. “वहिनी, शिडी मले देऊन राहिल्या, मंग तुमी माळ्यावर कशा चढसान?” असं त्यांनी विचारलं. वरचा डबा मी आधीच खाली घेतला आहे, असं सांगितल्यावर ते शिडी खांद्यावर घेऊन गेले.

कलम ४. यजमानांचा आढावा. दिवाणाखाली सुतळीनं बांधलेले गठ्ठे आहेत. ते एकाच पुस्तकाच्या प्रतींचे आहेत. यजमान ग्रंथालयांच्या तपासणीच्या नोकरीत होते. केदार शाळेत असताना त्यांची बदली तळकोकणातल्या एका जिल्ह्यात झाली. अमरावतीच्या माणसाला समुद्रावर पाठवलं म्हणून ते पहिले सहा महिने सरकारवर रुसून होते. नंतर त्यांनी जिल्ह्यातलं एकूण एक वाचनालय पाहिलं आणि ‘किनारपट्टीचा जिल्हा व त्याची सार्वजनिक ग्रंथालये: एक आढावा’ हे पुस्तक स्वखर्चानं छापलं. त्यात तालुकावार तक्ते आहेत, कोणतं वाचनालय अ वर्गाचं, कोणतं ड, किती कपाटं, किती खुर्च्या, संडास आहे की नाही. मेहनत खरी आहे. तिला मी नावं ठेवत नाही.

मी शनिवारी त्यांच्याबरोबर जात असे. मला तो जिल्हा वेगळा आठवतो. बंदरातल्या वाचनालयात वरच्या मजल्यावर निवृत्त वकील बसत आणि एकाच वर्तमानपत्राची चार पानं चौघांत वाटून घेत. भांडण पान बदलताना होई. बाजारातल्या वाचनालयाबाहेर मासळीच्या टोपल्या एका ओळीत ठेवलेल्या असत, बायका हात धुऊन आत जात. घाटाखालच्या एका गावात वाचनालय देवळाच्या भंडारघरात होतं आणि भांडी हवी असतील त्या दिवशी पुस्तकं ओसरीवर येत. खाडीपलीकडच्या गावात पुस्तकं होडीनं जात आणि तरीवाला त्यांचं भाडं घेत नसे. हवा मात्र सगळीकडे सारखी, खारी आणि ओली. आपल्याकडे पुस्तक उन्हानं तडकतं, तिकडे फुगतं. आपल्याकडे उंदीर, तिकडे बुरशी.

या प्रतींचं काय करायचं ते कलम ६ मध्ये सांगते. त्याआधी खारेवाडीचं सांगावं लागेल.

कलम ५. खारेवाडी. आम्ही जिल्ह्याच्या गावात न राहता जवळच खारेवाडीत भाड्यानं राहत होतो. तिथे सार्वजनिक वाचनालय होतं आणि दीक्षा नावाची माझ्याच वयाची बाई ते चालवत असे. आमचं आडनाव ऐकून ती म्हणाली, म्हणजे तुम्ही आमच्यासारखेच दर्यावरचे. मी तिला सांगितलं की दर्यापुरात दर्या नाही, विहिरी मात्र खाऱ्या पाण्याच्या आहेत. ती इतकी हसली की तिथेच आमची मैत्री झाली. मला तशी मैत्रीण त्याआधी नव्हती आणि नंतरही झाली नाही. पुस्तकं शिवायला मी तिच्याकडे शिकले. खळीत मोरचूद घालायचा म्हणजे कीड लागत नाही, हेही तिनंच सांगितलं.

त्या वाचनालयाची एक रीत होती. इमारत गळकी, भिंती पावसाळ्यात पाझरत. म्हणून मृग लागायच्या आधी सगळी पुस्तकं गावात वाटून टाकायची. ज्याच्या घरी चूल आहे त्यानं ती चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवायची, घरातल्यांनी वाचायची आणि दसऱ्यानंतर परत आणायची. मधे ती घराबाहेर काढायची नाहीत. याची नोंद कुठेच नसे, कारण कुणाच्या घरी काय आहे ते सगळ्या गावाला पाठ असे. आमच्या वाट्याला चार आली होती. एक कोंबडीपालनाचं, एक आकाशातल्या ताऱ्यांचं, एक लोणच्यांचं आणि एका दोन भागांच्या कादंबरीचा पहिला भाग. आमच्याकडे चूल नव्हती, गॅस होता, म्हणून मी ती पिठाच्या डब्यात ठेवली. कादंबरीचा दुसरा भाग तांडेलांच्या घरी गेला होता.

यजमान खारेवाडीची तपासणी करायला श्रावणात गेले. स्वतःच्या गावचं म्हणून सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. कपाटं रिकामी. दीक्षानं रीत सांगितली. ते म्हणाले, पुस्तकं गोळा करून दाखवा, मी संध्याकाळपर्यंत थांबतो. गाव एवढंसं, तासाभरात झालं असतं. पण बाहेर पाऊस कोसळत होता आणि दीक्षा म्हणाली, “पावसात पुस्तक भायर काढूचा नाय, सायबानू.” तिनं ते भांडून म्हटलं नाही. रीत होती ती सांगितली.

त्या रात्री मी डबा उघडून चारही पुस्तकं यांच्या ताटाशेजारी ठेवली. यांनी ती पाहिली, वरचा शिक्काही पाहिला, आणि म्हणाले, “मी कपाटं मोजून राहिलो, तुयी भांडी नाही.” मग भात मागितला. आढाव्यात खारेवाडीपुढे एक ओळ आहे: ‘कपाटे रिकामी. पुस्तके आढळली नाहीत.’ मान्यता गेली, अनुदान थांबलं, वाचनालयाची जागा मालकानं जाळी ठेवायला दिली. यांना अकोल्याला बढती मिळाली. दसऱ्यानंतर मी पुस्तकं परत द्यायला दीक्षाच्या दारात गेले. ती आत होती, तिनं दार उघडलं नाही. मी बराच वेळ उभी होते. मग सामान ट्रकमध्ये चढलं आणि डबाही चढला.

यजमानांशी त्यावर मी पुन्हा बोलले नाही. संसार नीट केला. त्यांना मीठ कमी पडू दिलं नाही. पण मला त्यांचा राग होता, शेवटपर्यंत होता, आणि ते गेल्यावर तोही गेला. आता त्या जागी काही नाही.

कलम ६. केदारनं आणलेला निरोप, व त्यानुसार व्यवस्था. या मे महिन्यात केदार बायको-मुलांना घेऊन समुद्र पाहायला गेला. मी त्याला खारेवाडीत डोकावायला सांगितलं होतं. परत आल्यावर बूट काढता काढता तो म्हणाला, “आई, तिथं लायब्ररी नाही. घरोघरी माळ्यावर दोन-चार पुस्तकं ठेवून राहिले लोकं. दसऱ्यानंतर म्हणे देवळात आणतात, अदलाबदल करतात अन् पुन्हा घरी. एक म्हातारी हे सगळं पाहते. तुयं नाव सांगतलं तं तिनं चार पुस्तकांची नावं धडाधड सांगतली.”

मी विचारलं, अजून काही म्हणाली का. त्याला आठवायला वेळ लागला. त्याला ते नीट समजलं नव्हतं, पण त्यानं जसंच्या तसं म्हणून दाखवलं: “वयनीचो पावस अजून सरूक नाय. सरलो की आणून देतली.”

म्हणजे इतकी वर्षं दीक्षानं आमचं घर वाटपातून काढलेलंच नाही. अमरावती हे खारेवाडीचंच एक घर धरलं होतं, जरा लांबचं.

मला रडू आलं नाही. मी डबा खाली काढून पुस्तकांवरचं पीठ झटकलं. पायाच्या मुंग्या उतरताना टोचतं, तसं काहीसं झालं. ते अजून चालू आहे.

केदार म्हणाला, उद्याच कुरिअर करून टाकू. पण तो खारेवाडीहून निघाला त्याच दिवशी तिकडे पाऊस सुरू झाला होता. आता दसऱ्यापर्यंत ही पुस्तकं घराबाहेर काढता येत नाहीत. म्हणून पुढीलप्रमाणे.

अ) ही चार पुस्तकं माझी मिळकत नाहीत. म्हणून ती मी कुणाला देत नाही, परत करते आहे. वकीलबाईंनी हे वाक्य दोनदा वाचून बरोबर आहे असं सांगितलं.

आ) आढाव्याच्या प्रतींत खारेवाडीची ओळ मी पेनानं खोडून वर ‘पुस्तके घरोघरी आहेत’ असं लिहिते आहे. निम्म्याच्या वर झाल्या. उरलेल्या केदारनं कराव्यात, अक्षर जरा वाचण्यासारखं काढावं. मग त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक वाचनालयाला एकेक प्रत पाठवावी. बाकी सगळं यांचं आहे तसं राहू द्यावं.

इ) माझी स्वतःची पुस्तकं, पुस्तक शिवायची दाभणं आणि शिवलेलं पुस्तक दाबून ठेवायचा शिकंजा खारेवाडीला. ठेवायला कपाट आहे का, असं कुणी विचारलं तर घरं आहेत असं सांगावं.

ई) मी दसऱ्यापर्यंत राहिले तर केदारनं मला गाडीत बसवून तिकडे न्यावं. दारात मी एकटी जाईन आणि कादंबरीचा दुसरा भाग स्वतः मागून घेईन.

उ) मी न राहिल्यास केदारनं डबा घेऊन एकट्यानं जावं. कुरिअर नाही. दीक्षाच्या दारात उभं राहावं, दार उघडायला वेळ लागला तरी थांबावं, आणि माझ्या जाण्याचं वेगळं काही सांगू नये. “वयनीचा पाऊस सरला” एवढंच म्हणावं. तिला कळेल. मग दुसरा भाग मागावा. तो अकोल्याला न्यावा आणि पुढचा पावसाळा स्वतःच्या घरी ठेवावा. वाटपात आमचं एक घर आहे, ते रिकामं ठेवू नये.

हे मी लिहिलं, पुन्हा वाचलं आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली. याआधी मी कधी मृत्युपत्र केलेलं नाही, करण्यासारखं काही आहे असंही वाटलं नव्हतं.

सही: साधना हरिहर दर्यापूरकर

साक्षीदार:
१. किसनराव, फुलांचे मळेवाले, शेजारी (सही)
२. ॲड. पौर्णिमा, अमरावती (सही)

ठिकाण: अमरावती
दिनांक: ९ जून २०२५. मृग लागला आहे. इकडे अजून पाऊस नाही.