सबजंक्टिव्ह आणि पुण्याची गाडी

३ नोव्हेंबर
आजपासून रोज एक तास स्पॅनिश. कारण फक्त मेंदूचा व्यायाम. रिटायर झाल्यावर माणूस गंजतो. आमच्या लेकीचा, रुचिताचा, नवरा स्पेनचा आहे, हा निव्वळ योगायोग.

८ नोव्हेंबर
इथल्या जयपूरच्या सी-स्कीम भागातला स्पॅनिशचा क्लास. वीणा मॅडम मला अंकलजी म्हणतात. चालेल. आज सबजंक्टिव्ह काढलं. मतलब, इच्छा, शंका, भीती सांगायची तर क्रियापद रूप बदलतं. मी सांगितलं, चौतीस वर्षं स्टेशन मास्तर होतो, गाडी सोडा, गाडी थांबवा, इच्छा कोण विचारतंय? मॅडम म्हणाल्या, तो आज्ञार्थ झाला. माझा आज्ञार्थ वर्गात सगळ्यांत पक्का आहे.

१५ नोव्हेंबर
बायको, अमिता, म्हणाली, लेक डिसेंबरात पुण्याला मावशीकडे येतेय. जयपूरला येईल, पण तुम्ही स्वतः ये म्हणालात तरच. चार वर्षांपूर्वी, तिने लग्न ठरवलं तेव्हा, या घरात पाऊल टाकू नकोस म्हणालो होतो. रागात बोललेलं कुणी धरून ठेवतं का? हिच्यावरच गेलीय.

१६ नोव्हेंबर, सकाळी ६
प्लॅन पक्का. मराठीत सांगायला गेलो की भलतंच बाहेर येतं. म्हणून स्पॅनिशमध्ये सांगणार. 'किएरो के बेंगास.' तू यावंस अशी माझी इच्छा आहे. दुसराच कुणी बोलतोय असं वाटतं. सोपं जातं.

१ डिसेंबर
पंधरा दिवसांत हजार वेळा म्हटलं असेल. जगतपुऱ्याच्या पार्कात पंडितजींनी विचारलं, कोणता जप? मी म्हणालो, घरचाच.

१४ डिसेंबर, सकाळी ११
फोन केला. तिने नुसतं बाबा म्हटलं आणि सगळं स्पॅनिश उडालं. जेवलीस का, विचारलं. साडेदहा वाजले होते. मग पुणे-जयपूरच्या सगळ्या गाड्या सांगितल्या. कुठली लेट होते, कुठे किती थांबते, चहा कुठे बरा मिळतो. ती बरं म्हणाली. काम फत्ते. आमच्या लाइनीत गाडी सांगितली की पुढचं समोरच्याने समजायचं असतं.

१५ डिसेंबर
पाहुण्यांच्या खोलीतली गादी उन्हात टाकली. जवळच्या चौमूंहून हलव्यासाठी ताजी गाजरं आणली, पाच किलो.

२१ डिसेंबर
सहज स्टेशनवर गेलो. पुण्याची गाडी वीस मिनिटं लेट. शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबलो. पुढच्या गाडीला बघू. तिकीट मिळालं नसेल.

२९ डिसेंबर
रुचिता काल परस्पर मुंबईहून स्पेनला परत गेली. अमिताने आज सांगितलं, पोरगी आठवडाभर बॅग भरून बसली होती. मावशीला म्हणाली, बाबांनी गाड्या सांगितल्या, ये काही म्हणाले नाहीत.

जेवण गेलं नाही. दुपारी एकटाच बसलो होतो, तेव्हा म्हणून पाहिलं, मराठीत. ये.

अमिता स्वयंपाकघरातून हात पुसत आली. मला हाक मारलीत का, विचारलं. मी नाही म्हणालो.