अव्वाचा गुडघा आणि वरची पायरी

८ फेब्रु., नांदेड
फिजिओथेरपीच्या प्रबंधाचा विषय मंजूर! जिना चढता-उतरताना गुडघ्यावर येणारा भार. गाईड मॅडम म्हणाल्या, "चढणं सगळेच बघतात, तू उतरणं बघ." आनंदात कॉलेजच्या जिन्यावर उगाच वर-खाली करून आले, मांडीवर हात ठेवून. उतरताना खरं काम मागच्या, वर राहिलेल्या पायाचं. मांडीचा स्नायू ताणला जात जात अंग हळू खाली सोडतो, गुडघ्याची वाटी दाबली जाते. पायरी जितकी उंच, तितका तो गुडघा जास्त वाकतो. इतकी वर्षं पाठ केलं, हाताला आज लागलं.

संध्या. शिरूरला घरी फोन. वर घर, खाली कापडाचं दुकान, आणि अव्वा संक्रांतीपासून खाली उतरलेलीच नाही. "चढायचं काय न्हाई गं, उतराय भ्या वाटतं." अप्पा तिची ब्लाउजपीसची बाजू पाडव्यापासून मोबाईलवाल्याला भाड्यानं देणार म्हणे. ती बाजू माझ्या आईनं एकटीनं उभी केलीय. डोकंच फिरलं माझं.

१४ फेब्रु., शिरूर अनंतपाळ
सुट्टी टाकून आले. अव्वाला अप्पांची ट्रॅकपँट घातली. कंबर, गुडघा, घोट्यावर तिच्याच मोठ्या टिकल्या चिकटवल्या, म्हणजे व्हिडिओत कोन मोजता येतो. हसून हसून तिचा गुडघा सोडून पोट दुखायला लागलं. "शेजारी सांगू नको बाई."

पहिल्याच, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीला अडली. सगळा भार माझ्या खांद्यावर. तिथून खाली मात्र भिंतीला धरून सावकाश उतरली. परत चढताना शेवटी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून स्वतःला वर ओढलं. मला वाटलं, सुरुवातीची भीती.

१५ फेब्रु.
तुलनेला अप्पांनाही टिकल्या लावल्या. "माझ्या गुडघ्याला काय धाड भरली?" तरी उतरले.

व्हिडिओ थांबवत थांबवत बघितला. अप्पांचा धडधाकट गुडघाही त्याच पायरीवर भलताच वाकतो. म्हणजे दोष नुसत्या गुडघ्यात नाही. दुकानातला टेप घेऊन पळाले. वरची पायरी बाकीच्यांच्या जवळजवळ दीडपट. एवढी वर्षं आम्ही सगळे त्यावरून उड्या मारत गेलो, कुणाला कळलं नाही.

अप्पांना विचारलं. शांतपणे म्हणाले, "बांधताना थोडी उंची उरून राहिली होती. अजून एक घातली की सम होत होत्या. सम पायऱ्यांच्या घरात बरकत ऱ्हात न्हाई. मिस्त्रीला म्हणलं, वरचीच वाढव."

चढताना चौकट हाताशी असते, उतरताना समोर काहीच नाही. म्हणून तिला भीती वाटते!! मॅडमना लगेच मेसेज.

१६ फेब्रु.
वरच्या पायरीआधी वळणाचा ऐसपैस टप्पा आहे. तिथं विटांची एक पायरी आरामात बसते, उंची निम्मी. अप्पांना सांगितलं.
"सम होतील."
"होऊ द्या ना, अप्पा."
"गोळ्या चालू हायत न्हवं तिच्या."
भांडले. अव्वा तूर निवडत बसलेली. न जेवता एसटी धरली.

२३ फेब्रु., नांदेड
मॅडम व्हिडिओवर बेहद्द खूश, प्रबंधात घे म्हणाल्या. पण बजावलंही: गुडघा झिजलेला आहेच, मांडीत जोर नाही, नुसत्या विटांनी भागेल असं धरू नकोस. बरोबर आहे. अव्वाला फोनवर व्यायाम दिला: खुर्चीत बसताना धपकन बसायचं नाही, हळूहळू टेकायचं. उतरण्याची तीच तालीम. "करायलेय," म्हणाली. आवाजात काहीतरी होतं.

१ मार्च, शिरूर
अव्वाचा सकाळी फोन: ये. आले तर घरात मिस्त्री! अप्पा मालाला लातूरला गेलेले, तो मोका साधून तिनंच बोलावलेला. टप्प्यावर विटा रचून झाल्या होत्या. मी तिच्या गळ्यातच पडले. खाली मोबाईलवाला तिची कपाटं कुठून हलवायची ते बघून गेला.

दुपारी अप्पा आले. वळणावर थांबले, खालपासून बघत ओठ हलवू लागले. अव्वा वर दारात उभी.
"मोजा तुम्ही," ती म्हणाली. "उतरायचं मला हाय."
अप्पा नवी पायरी ओली म्हणून जुन्यासारखी मोठी टांग टाकून वर आले.

अव्वाच्या मांडीत जोर आला असेल का? व्यायामाला जेमतेम आठवडा झालाय. मिस्त्री म्हणाला, उद्या सकाळपर्यंत पाय ठेवू नका. तिनं आत्ताच साडी काढून ठेवलीय, दुकानात बसायची.