कालिना हो म्हणते

१ मार्च, शनिवार

आजपासून रोजनिशी. आपल्या गावच्या प्राणिसंग्रहालयात गेल्या पन्नासेक वर्षांत काय काय घडलं, हे सांगणारा आता मी एकटाच उरलोय. तसा तोत्यो आहे अजून. पण तो जन्मभर हत्तीखान्यात होता, त्याला हत्तीपलीकडचं काही दिसलं नाही.

संकल्प: रोज एक पान. चीज भरलेली बानित्सा बंद, वजन आठ किलो कमी. राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, फक्त रविवारी.

सकाळी अस्वलघरावर जाऊन कठड्याला लाल-पांढरा दोरा बांधला. वसंताच्या स्वागताला दर एक मार्चला बांधतो. खाली आमची अस्वलीण कालिना उभी होती. वरून विचारलं, काय गं, हिवाळा बरा गेला ना? तिने मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. म्हणजे, आमच्या देशात, हो. ती पिल्लू होती तेव्हापासून विचारतोय, एकदाही नाही म्हणालेली नाही. पेन्काला, म्हणजे माझ्या बायकोला, लग्नानंतर एकदाच विचारलं होतं, सुखी आहेस का. ती तेव्हा वांगी भाजत होती. उत्तर अजून यायचंय.

४ मार्च

तीन पानं राहिली. उद्या एकदम लिहीन.

११ मार्च

नव्या डायरेक्टरीणबाईंचा फोन. डॉ. रलित्सा, जनावरांची डॉक्टर, वय माझ्या धाकटीएवढं. म्हणाल्या, ल्युबेनकाका, अस्वलघराचे मूळ नकाशे तुमच्याकडे आहेत का हो? ऑफिसात सापडत नाहीत.

आहेत म्हणजे काय! १९७८ साली मीच काढले. नकाशे कशाला हवेत ते बाईंनी स्पष्ट सांगितलं नाही. सांगितलं असेल, पण मागे पेन्काचा मिक्सर चालू होता. दुरुस्ती करणार, दुसरं काय. उशिरा का होईना, किंमत कळली.

रविवार नव्हता, तरी एक राकिया. प्रसंगच तसा.

२ एप्रिल

भाषणाची तयारी सुरू केली. दुरुस्तीनंतर समारंभ होणार, म्हणजे मला बोलायला लावणारच. मुद्दे असे.

मी लहान असताना काय होतं? बागेत बँडवाल्यांच्या चौथऱ्यामागे लोखंडी पिंजरे. एकात लांडगा, एकात गरुड, एकात अस्वल. पेंढा कुजलेला, वास थेट चर्चपर्यंत. पोरं गजांतून काठ्या खुपसायची. तो लांडगा कोपऱ्यात तोंड घालून बसायचा, मी त्याचं तोंड कधी पाहिलंच नाही.

मग मी आलो. गज काढून टाकले! गोल हौद खणला, काँक्रीटच्या भिंती, खाली पांढऱ्या फरशा, मधोमध उतार, उताराला गटार. लोक वर कठड्यापाशी, अस्वल खाली. काठी पोचत नाही. पाइप लावला की सकाळची धुलाई चहा निवायच्या आत. डॉक्टरांच्या खोलीसारखं लख्ख. दुसऱ्या गावांचे इंजिनियर बघायला आले. मला पदक मिळालं. माकडांसाठी चढायला रॉकेट केलं तेही मीच, आपला माणूस अंतराळात गेला त्या वर्षी.

पुढचे मुद्दे उद्या.

२० एप्रिल, ईस्टर

बानित्सा खाल्ली. सणाला नाही म्हणणं हा उपवास नव्हे, उद्धटपणा.

१५ मे

मीटिंग. लिहायला हात वळत नाही, पण इतिहास म्हणून लिहितो.

दुरुस्ती नाही. अस्वलघर बंद करणार. टेकडीच्या उतारावर, बीचच्या झाडांत, मोठं कुंपण घालणार. आत ओढा, गवत, ढोल्या. कालिना तिकडे. रलित्साबाई समजावून सांगत होत्या, आवाज गोड. म्हणाल्या, काका, तुमच्या काळात तुम्ही जे चांगलं होतं ते केलंत. आता आपल्याला जास्त कळलंय.

मी उभा राहिलो. म्हटलं, बाई, जनावर गवतात सोडलं तर दिसणार कुणाला? माकडांना काचेमागे टाकलंत, ठीक. लिंक्स रानमांजराच्या पिंजऱ्यात झाडं लावलीत, आता लोक तिकीट काढून झुडपं बघून येतात. वाघाच्या घरात तर कॉफी मिळते. आणि कालिनाला विचारलंय का कुणी? मी विचारतो. रोज. ती हो म्हणते.

बाईंनी पुढचा कागद उलटला. मुद्दा पटला असावा.

२२ मे

ऑस्ट्रियाहून एक पाहुणा आलाय, अस्वलांचा तज्ज्ञ. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हे. त्याला अस्वलघरावर नेलं. म्हटलं, हातच्या कंकणाला आरसा कशाला, डोळ्यांनी बघा. कठड्यावर कोपरं टेकून शीळ घातली, आपली राचेनित्सा, लग्नात सगळे नाचतात ती चाल. पहिल्या दोन सुरांतच कालिना डोलायला लागली. पुढचा उजवा पाय, डावा पाय, मान इकडे, मान तिकडे. ठेका एवढा पक्का की बँडवाल्यांनी शिकावा. विचारलं, सुखी आहेस ना गं? हो, हो, हो.

पाहुणा बराच वेळ बघत राहिला. मग रलित्साबाईंना स्वतःच्या भाषेत काहीतरी बोलला. बाईंनी सांगितलं, की ते म्हणतात हा नाच नाही. बंद जागेत वर्षानुवर्षं राहून जडलेलं दुखणं आहे. आणि ते असंही म्हणतात, की त्यांच्याकडे अशी मान हलवली तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो.

त्यांच्याकडे! त्यांच्याकडे काय, वॉल्ट्झ नाचतात, गोल गोल फिरून चक्कर येते. त्यांना आमचा ठेका काय कळणार.

२३ मे

तोत्योकडे गेलो. जुना सहकारी, बाजू घेईल वाटलं होतं. त्याने दोन पेले भरले आणि म्हणाला, ल्युबेन, माझी हत्तीण आठवते? ती अशीच डोलायची. मरेपर्यंत डोलली. आपण दोघं लोकांना सांगायचो, बघा हं, नाचतेय. ती नाचत नव्हती रे गाढवा.

मी म्हटलं, हत्तीचं वेगळं.

म्हणाला, बरं बाबा, वेगळं.

पेला तसाच ठेवून उठलो. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा झालं असेल.

८ जून

झोप नीट नाही. मला कळतच नाही, लोकांना काय झालंय. पावाचा तुटवडा होता त्या हिवाळ्यात आम्ही काळोखात रांगा लावून पाव आणायचो. संग्रहालयाला कुणी विचारत नव्हतं. दोन सिंह गेले. मी माझ्या पावातला अर्धा कालिनाला नेऊन टाकायचो, वर उभं राहून शीळ घालायचो, म्हणजे तिला कळावं की आलोय. बर्फात ती माझ्यासाठी नाचायची. पेन्का तेव्हा म्हणाली होती, माझा अर्धा ने, तुझा तू सगळा खा, नाहीतर चालताना पडशील. आणि हा कोण पाहुणा सांगतो की ते दुखणं होतं?

अस्वलघरात कालिना दुःखी असेल, तर मग मी काय बांधलं? हा प्रश्न इथे लिहून ठेवतो आणि पुढे विचार करत नाही, कारण ती सुखी आहे.

३० जून

मास्टर प्लॅन तयार. नव्या जागेत ती जेवणार नाही. दोन दिवसांत ढासळेल. मग मला बोलावतील, मी जाईन, शीळ घालीन, ती येईल. मग सन्मानाने परत हौदात. यात चूक व्हायला जागाच नाही.

वजन: अडीच किलो जास्त. काटा जुना झालाय.

१६ सप्टेंबर

आज तिला हलवलं. मला लांब, कॉफीवाल्या वाघाच्या घरापाशी उभं केलं. पेटी उताराला ठेवून दार उघडलं. मी पैज लावली होती की ती बाहेर येणार नाही. आली नाही! सगळी दुपार गेली, नाही आली. तोत्योला कोपराने ढोसलं. तो म्हणाला, थांब की.

मग बाहेर आली. आधी एक पंजा गवतावर ठेवला आणि उचलून घेतला, गरम काही लागल्यासारखा. गवत तिने कधी पायाखाली घेतलंच नव्हतं. पुन्हा ठेवला. मग झाडांत गेली.

मागे वळून बघितलं नाही. उन्हामुळे मी दिसलो नसेन.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, काका, रागावू नका, पण काही आठवडे कुंपणाजवळ येऊ नका. तिला रुळू दे. अर्थ उघड आहे. मला बघून ती कुंपण तोडून येईल अशी त्यांना धास्ती.

१७ सप्टेंबर

फोन चार्ज करून उशाशी. आज-उद्या बोलावतील.

१९ सप्टेंबर

वाजला! पँट चढवत धावलो. वीज कंपनी.

२७ सप्टेंबर

फोन बिघडला असावा. पेन्काला तिच्या फोनवरून लावायला सांगितलं. वाजला. पेन्का म्हणाली, हॅलो, मी अस्वल बोलतेय, येतोस का? हिला कशात विनोद करावा कळत नाही.

१४ ऑक्टोबर

संकल्प: वाट बघायची नाही. बुद्धिबळ सुरू करणार.

फोन नाही.

१० नोव्हेंबर

विजय! बाई स्वतः घरी आल्या. पेन्काने जाम आणि कॉफी दिली. अस्वलघर पाडणार नाहीत. तसंच्या तसं ठेवणार, लोकांना आत जाऊन बघता येईल, बाहेर माहितीचा फलक लागेल. उद्घाटन अस्वलाच्या सणाला, तीस नोव्हेंबरला. म्हणाल्या, काका, तुम्हाला आधी सांगायला आले. तो फलक वाचून कदाचित तुम्हाला त्रास होईल.

त्रास कसला! आनंदाचाच त्रास. म्हटलं, फक्त एक करा, इंजिनियर ल्युबेन कराझोव हे नाव मोठ्या अक्षरांत असू द्या. बाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, काका, नाव नको.

विनय माझ्या बाजूने असायला हवा, हा त्यांच्या बाजूने कसा? पण मी हटून बसलो. दारात पेन्का त्यांच्याशी हळू आवाजात बोलली. जामची रेसिपी विचारत असतील.

२९ नोव्हेंबर

नवा टाय घेतला. कोटाची बटणं लागत नाहीत, उघडा ठेवीन. उद्या बाई मला कालिनाकडेही नेणार आहेत, लांबून. भाषण पाठ आहे. पेन्काने मका उकडत टाकलाय. शेवटी एकच ओळ आहे, ती बाईंच्या डोळ्यांत बघून म्हणणार: या इमारतीत एक जीव सुखाने राहिला.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी पेन्काने रिवाजाप्रमाणे उकडलेल्या मक्याची मूठ धुराड्यात टाकली. आमच्या फ्लॅटला धुराडं नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनकडे भिरकावली. घे गं अस्वलबाई, उकडलेला मका घे, आमच्या माणसांना सोड. दाणे परत आले, एक माझ्या टायवर.

गर्दी होती. फलकावर टाकलेलं कापड काढलं. तिथे लिहिलंय: आपण त्यांना असं ठेवत होतो.

एवढंच वर. खाली बारीक अक्षरांत वर्षं, हौदाचं माप, तिचं नाव. माझं नाव कुठेच नाही. मी दोनदा शोधलं. मग कळलं, बाईंनी ते का नको म्हटलं होतं. आणि पेन्का दारात रेसिपीबद्दल बोलत नव्हती.

लोक पायऱ्या उतरून हौदात गेले. मीही गेलो. बांधल्यापासून खाली कधी उभा राहिलो नव्हतो, पाइप वरूनच लावायचे. खालून काहीच दिसत नाही. वर गोल आभाळ आणि माणसांच्या हनुवट्या. पांढऱ्या फरशीवर एका जागी चकाकी पार गेली आहे, दोन पंजांएवढी. तिथे ती डोलायची. एक छोटी मुलगी तिथे उभी राहून म्हणाली, आई, इथून झाडं कुठे दिसतात? आई म्हणाली, नाही दिसत गं.

कुणी मला भाषणाला बोलावलं नाही. बरं झालं.

मग बाईंनी टेकडीवर नेलं. कालिना बीचच्या पानांत खणत होती. नाक मातीत, पाठीवर पाचोळा. मान स्थिर. मी एवढी स्थिर मान तिची कधी बघितली नव्हती. दुसरंच कुणी अस्वल वाटलं. खिशात मका होता. बाई कुणाशी तरी बोलायला पाठमोऱ्या झाल्या.

मला फक्त तिने ओळखायला हवं होतं. दुसरं काही नको होतं. मी शीळ घातली. पहिले दोनच सूर.

तिने डोकं वर केलं. ओळखलं. कुंपणाकडे आली, थांबली, आणि सुरू झालं. उजवा पाय, डावा पाय. इकडे, तिकडे. मी केव्हाच थांबलो होतो, ती थांबेना. लोक टाळ्या वाजवायला लागले, नाचतेय, नाचतेय! मी त्यांना हातांनी नका नका म्हणत होतो, पण टाळ्यांत बघतो कोण. विचारलं, कालिना, बरी होतीस का गं तिकडे? हो, हो, हो, हो. तो ऑस्ट्रियाचा माणूस शेजारी असता तर त्याने काय वाचलं असतं, तेच मी वाचलं.

बाई रागावल्या नाहीत. दंडाला धरून बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, काका, सप्टेंबरपासून तिने हे एकदाही केलं नव्हतं.

मका खिशातच राहिला. घरी आलो. पेन्काने कोट काढून घेतला, टाय सोडवला आणि विचारलं, ओळखलं का रे तिने तुला?

मी मान हलवली. डावीकडे, उजवीकडे.

ती म्हणाली, बघ, मी म्हणत नव्हते का. मग थोड्या वेळाने, माझी मान अजून हलतेय बघून, म्हणाली, अरे कळलं ल्युबो, पुरे आता.