आमच्या गल्लीचा आठ कप चहा

१२ ऑगस्ट. ऑफिसला गेलो, परत आलो, भांडी घासली.

ती. ताईस नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा रक्तदाब, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. मी व्यवस्थित आहे (हे वाक्य तू फोनवर मला पूर्ण करू देत नाहीस, म्हणून लिहून कळवतो).

आमच्या पाहणी खात्यात सध्या शहरात रोज किती चहा प्यायला जातो याचा अंदाज काढणं चालू आहे. घरोघरी विचारत बसलो तर चहा गार होईल, म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी थोडी घरं निवडतात, आणि निवडलेलं घर न विचारलेल्या घरांच्या वतीनेही बोलतं. त्याला भार म्हणतात. या वेळी नेमकं माझंच घर निघालं. कर्मचाऱ्याचं म्हणून वगळता येत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाई (ही गेली तेव्हा भेटून गेलेल्या, त्याच) दारात उभ्या राहून परक्या आवाजात विचारू लागल्या, "घरात माणसं किती?" म्हटलं, एक. "रोजचे कप?" आठ. त्यांचं पेन थांबलं. "एकट्यानं?" हो म्हटलं. खरं तर हात सवयीने दोघांचं आधण ठेवतो, आणि दुसरा कप ओतून देणं जिवावर येतं. तिलाही ते खपलं नसतं. पण याला प्रश्नावलीत रकाना नव्हता.

माझ्या घराचा भार चारशे. म्हणजे संगणकात चारशे घरं एकदम आठ-आठ कप ढोसू लागली. शहराची बेरीज फुगली, सरासरी वर चढली. साहेब ओरडले, "या गल्ल्यांत माणसं राहतात की किटल्या?" पुढे सॉफ्टवेअर अडून बसलं. बेरीज देतो म्हणे, सरासरी देतो, पण ती किती चुकू शकेल ते सांगणार नाही. शहराचे गल्लीवार गट पाडून प्रत्येक गटातून दोन घरं निवडली होती, आमच्या गटातल्या दुसऱ्या घराला कायमचं कुलूप. उरलो मी. घराघरांत फरक किती, हे कळायला निदान दुसरं घर तरी लागतं. पडद्यावर लाल अक्षरं आली: गटात एकच घर. सगळ्यांनी वाचलं. बाई उगाचच पंखा कमी करायला उठल्या. साहेब (घर कुणाचं हे त्यांच्या गावीही नव्हतं) म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं! एकटं पडलंय ना, शेजारच्या गटात जोडून टाका." जोडलं. यंत्र निमूट चालू झालं.

तू दर रविवारी म्हणतेस, इकडे राहायला ये. माझं उत्तर तेच आहे. मला इथे काही कमी नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. माझे आठ कप कुणी खोडले नाहीत. शहराच्या बेरजेत ते आहेत.

ता. क. आणखी एक. तुमच्या मागच्या खोलीत भाऊजींची मोडकी सायकल आणि जुन्या गाद्या अजून आहेत का? हलवा म्हणत नाही. नुसत्या अंदाजासाठी विचारतो. आधण उकळलं वाटतं. दोन कपांचंच आहे. गाळायला उठतो.